सिस्टरच्या जीपची बटणं

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नाही. कुणाविषयी काही लिहून ठेवायचं असतं, ही गोष्टच आमच्याकडे नव्हती. कुणाची आठवण आली तर भाकरी थापता थापता बोलायचं, आणि भाकऱ्या झाल्या की बोलणंही संपायचं. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी त्यांच्या घरात मागच्या खोलीत राहत होते, एवढाच आमचा संबंध. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. त्यांच्या वतीनं लिहिते असंही म्हणायचं धाडस होत नाही. काही चुकलं तर त्यांनी मला माफ करावं.

गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. दूधवाला, किराणावाला, समोरचे निवृत्त काका, सगळेच. सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची जवळजवळ सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर त्या शहराच्या कडेला हर्सूलला, जळगाव रोडपासून जरा आत, आपल्या लहानशा घरात येऊन राहिल्या. मी लासूर स्टेशनकडची. बाबा तिथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. मला सोडायला आले तेव्हा ते दाराबाहेरच उभे राहिले. सिस्टरनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पाठ कधीपासून दुखती?"

बाबांनी पाठीविषयी चकार शब्द काढला नव्हता. ते माझ्याकडे बघायला लागले.

"तिला काय विचारता, उभं राहण्यावरून दिसतंय की," सिस्टर म्हणाल्या. "आत या. खुर्चीवर बसा, खाली नका बसू."

बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. परत जाताना मला हळूच म्हणाले, "बाई कडक हाय. पण राहा इथंच."

सिस्टरची सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे काहीही करायच्या आधी त्या ते मोठ्यानं सांगायच्या. माणसांना सांगायच्याच, पण वस्तूंनाही सांगायच्या. "आता कडी काढते." "आता गॅस लावते." "पाणी ओतते, गरम हाय." सुरुवातीला मला वाटलं घरात आणखी कुणीतरी राहतं. मग वाटलं, एकटं राहून राहून असं झालं असेल. एकदा धीर करून विचारलं.

"सिस्टर, तुम्ही हे कुणाला सांगता?"

"ज्याला हात लावायचाय त्याला."

"पण कडीला काय कळतं?"

"कडीला नसंल कळत. मला तर कळतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बाई बाळंतपणाच्या टेबलावर घाबरून पडलेली असती. न सांगता हात लावला की दचकती. आणि तोंडानं आधी सांगितलं की आपला हात पण दुसरीकडं जात नाय. नोकरीभर सांगत आले, आता तोंड थांबत नाय. तुला त्रास होतो का?"

मी नाही म्हणाले. खरं म्हणजे काही दिवसांनी मला त्याची सवयच झाली. सकाळी त्यांचं "दार उघडते" ऐकू आलं नाही तर मला जाग येत नसे.

त्या कुणाला खोटा धीर द्यायच्या नाहीत. "काही होत नाही" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी मी रडत होते. इंग्रजीच्या पेपरची इतकी भीती बसली होती की जेवण जात नव्हतं. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. "दुखंल," त्या म्हणाल्या. "मग कमी व्हईल." बस्स. पुढं काही नाही. ताटात वरण वाढलं आणि उठून गेल्या. इतरांना हे कोरडं वाटेल, पण मला त्या दोन वाक्यांनी जेवण गेलं.

त्यांच्या पुढच्या खोलीत लोखंडी खाटा टाकलेल्या असत. खाटांवर बहुतेक वेळा कुणीतरी पोटुशी बाई असे. डोंगरातल्या एका वस्तीवरून सिस्टर त्यांना आणायच्या. त्या वस्तीला जायला मध्ये एक ओढा आहे आणि त्याच्या पुढं नुसता दगडांचा चढ. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स डांबरी रस्ता संपतो तिथं थांबते. पुढून बाईला झोळीत घालून आणावं लागतं. म्हणून दिवस भरत आले की सिस्टर आपली जीप घेऊन जायच्या, बाईला आणायच्या आणि बाळंत होईपर्यंत घरी ठेवून घ्यायच्या. पुढं सरकारी दवाखाना होताच. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नव्हतं.

आता जीपविषयी सांगायला हवं.

ती जुनी फोरव्हीलची जीप होती, मूळची सरकारी. सिस्टर नोकरीत असताना तीच जीप त्यांना लसीकरणाला घेऊन जायची. ती लिलावात निघाली तेव्हा सिस्टरनी घेतली. समोरचे काका दर वेळी गेटवर उभे राहून विचारायचे, "काय सिस्टर, रणगाडा निघाला का सरहद्दीवर?"

"निघाला. येता का? पुढं चालायला माणूस पाहिजे, सुरुंग हायेत का बघायला."

काका हसत आत जायचे. पण जीप परत येईपर्यंत त्यांच्या ओट्यावरचा दिवा चालू असायचा, हेही मी पाहिलं आहे.

या जीपला एक खोड होती. डॅशबोर्डच्या मधल्या पट्टीवर ओढायच्या बटणांची एक ओळ होती, आणि एकही बटण आपलं काम करत नव्हतं. उजव्या टोकाच्या बटणावर दिव्याचं चित्र, पण ते ओढलं की वायपर चालू व्हायचे. डाव्या टोकाला वायपरचं चित्र, ते ओढलं की दिवे लागायचे. मधलं एक बटण कशाचंच नव्हतं. हॉर्नसाठी डॅशबोर्डच्या खाली घरातल्या बेलचं बटण बसवलेलं होतं. ही सगळी करामत सिस्टरच्या जुन्या ड्रायव्हरमामांची. तारा कुजत गेल्या, सरकारी गॅरेज लांब, म्हणून मामा जी तार शाबूत असेल ती जिथं जमेल तिथं जोडत गेले. सिस्टर गाडी शिकल्या त्या मामांकडून, याच जीपवर. त्यामुळे त्यांच्या लेखी हेच बरोबर होतं. काकांच्या जावयानं एकदा आपली गाडी निघावी म्हणून जीप जरा मागं घ्यायचा प्रयत्न केला, तर भर उन्हात वायपर सुरू झाले आणि बंद कसे करायचे ते त्याला सापडेना. शेवटी सिस्टर ओट्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, दिवा विझवा, म्हणजे थांबतील."

गल्लीला हसायला विषय मिळाला. सिस्टर हसल्या नाहीत. यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना कळलं नसावं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा जीपचं पासिंग आलं. जुन्या गाडीला ते करावंच लागतं, नाहीतर ती रस्त्यावर आणता येत नाही. मी सोबत गेले होते. तपासणारे साहेब तरुण होते, सभ्य होते. ते आत बसले, उजवं बटण ओढलं आणि वायपर हलायला लागले.

"मॅडम, इथं दिव्याचं चित्र आहे."

"चित्र तसंच राहिलंय. तार बदललेली हाय. दिवा डावीकडं."

"म्हणजे चूक आहे ना."

"चूक नाय साहेब, सवय हाय."

"सवय मला पास करता येत नाही." साहेब जरा हसले. "उद्या दुसरं कुणी चालवलं तर?"

"दुसरं कुणी चालवत नाय."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

सिस्टरनी आत हात घालून वायपर बंद केले. साहेबांनी सगळी बटणं नीट करून आणायला सांगितलं. येताना चौकात डावीकडं वळतानासुद्धा "वळते" म्हणाल्या नाहीत, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

पावसाळा तोंडावर होता. वस्तीवर काही बायकांचे दिवस भरत आले होते. पासिंग नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर झोळी. हे मलाही कळत होतं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे आम्ही गेलो. त्यानं डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग म्हणाला, "सिस्टर, ये तो अजायबघर है. पूरी वायरिंग निकाल के फेंकनी पडेगी. नवा बोर्ड बसवतो. गाडी छोड के जाव."

"किती दिवस?"

"लाईन में लगी तो पंधरा दिन. जादा भी लग सकते."

"तेवढं थांबायला त्या बायका काय माझं ऐकणार हायेत?"

कोणत्या बायका, हे त्याला कळलं नाही. पण तो भला माणूस होता. टोकाला टाचणीसारखी सुई असलेला एक टेस्टचा बल्ब त्यानं सिस्टरला दिला आणि कोणत्या तारेत वीज आहे ते कसं बघायचं ते दाखवलं. मोंढा नाक्याजवळ ट्रॅक्टरचे पार्ट मिळतात, तिथून आम्ही खटक्याची बटणं आणली. वर केलं की चालू, खाली केलं की बंद. आणि ते काम आम्ही दोघींनीच घराच्या अंगणात केलं. म्हणजे त्यांनी केलं, मी सांगतील ते धरलं.

कामाला बसायच्या आधी त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि मलाही धुवायला लावले. नखं तपासली. बॅटरीची तार काढली, काढायच्या आधी अर्थात जीपला सांगितलं. मग आडव्या होऊन डॅशबोर्डच्या खाली गेल्या. आत तारांचं नुसतं जंजाळ होतं. बऱ्याचशा तारा एकाच रंगाच्या, कारण मामांना जो गुंडाळा मिळाला त्यातूनच त्यांनी सगळं जोडलेलं. मी कात्री पुढं केली.

"ठेव ती," आतून आवाज आला. "नाळ कापायच्या आधी पट्टी बांधायची."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. बाळ जन्मलं की त्याला नाव नसतं. हाताला चिकटपट्टी बांधतात, तिच्यावर आईचं नाव: अमकीचं बाळ. आधी पट्टी, मग नाळ. आधी कापलं आणि मग नाव शोधत बसलं तर घोटाळा. तसंच इथंही करायचं. तार जिथून सुटणार आणि जिथं जाणार, त्या दोन्ही टोकांना पट्टी. मी चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर लिहायला लागले. "दिव्याची तार" असं लिहिलं तर त्यांनी परत दिलं.

"तसं नाय. वायपरचं बाळ. उजव्या दिव्याचं बाळ. तसं लिही."

"सिस्टर, कुणी बघितलं तर हसेल."

"हसंल की. चुकणार तर नाय ना?"

मी तसं लिहिलं. इंडिकेटरचं बाळ, हॉर्नचं बाळ, हीटरचं बाळ. दुपारपर्यंत डॅशबोर्डच्या खाली सगळा वॉर्ड लोंबत होता. शेवटी एक तार उरली, जी कशालाच जोडलेली नव्हती. "हिला काय लिहू? बेवारस?"

"तसलं लिहू नको." त्या पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "बाजूला बांधून ठेव. सापडंल आई."

सापडली. ती तार छताच्या कडेनं मागं जात होती, मागच्या बाकावरच्या लहान दिव्याकडे. तो दिवा आहे हेच आम्हांला माहीत नव्हतं, त्यावर रंगाचा थर चढला होता. सिस्टरनी तो खरवडला आणि मधलं रिकामं बटण त्याला दिलं. दिवा लागला तेव्हा त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि आपल्याच तळहाताकडे त्या उजेडात बघत राहिल्या. "मामांना ह्याचं कधी सुचलं नाय," म्हणाल्या. "मला पण नाय. अंधारात बायका आणल्या आपण."

बटणांच्या जागांवरून मात्र आमचं थोडं वाजलं. मी सुचवलं होतं की जागा आहेत तशाच ठेवू, फक्त चित्रं बदलू. उजवीकडं वायपरचं चित्र लावू, डावीकडं दिव्याचं. साहेबांना चित्राशी मतलब, तुमच्या हाताची सवय मोडायला नको. मला स्वतःलाच ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या गाड्यांत दिवा कुठं असतो?"

"मला काय माहीत."

"ह्या असल्या सगळ्या जीपांत दिवा उजवीकडंच असतो. मी विचारून आले. दुसरं माणूस बसलं तर त्याचा हात तिथंच जाणार."

"पण दुसरं कुणी चालवत नाही, तुम्हीच म्हणालात."

"साहेबाला म्हणाले ते."

त्यांनी दिवा उजवीकडं घेतला, वायपर डावीकडं. जीप पास झाली. साहेबांनी एकेक बटण वर-खाली करून बघितलं आणि पट्ट्यांवरचं माझं अक्षर वाचून सही केली.

त्यानंतरच्या काही खेपा ठीक झाल्या. दिवसाउजेडी जाणं-येणं, आणि सिस्टर दर वेळी बघून बटण दाबायच्या. तरी त्यांचा हात आधी जुन्या जागी जायचा आणि हवेत थांबायचा, हे मी शेजारी बसून बघत होते.

मग ती संध्याकाळ आली. वस्तीवरच्या एका पहिलटकरणीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. दुपारी नसीमभाभींचा फोन आला. नसीमभाभी म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या आशा कार्यकर्त्या. सिस्टरच्या हाताखाली शिकलेल्या. मला सुट्टी होती. "चल, हात लागंल," सिस्टर म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. ओढ्याला गुडघ्यापर्यंत पाणी होतं. फोरव्हील टाकून त्या पलीकडे गेल्या, बाईला घेतलं आणि परत फिरल्या. मागं नसीमभाभी बाईला धरून बसल्या होत्या. उजेड कमी झाला तसं सिस्टर म्हणाल्या, "दिवे लावते," नीट बघून बटण वर केलं, मग मधलं बटणही. मागचा लहान दिवा लागला.

उतारावर एक फरशी पूल आहे, कठडे नसलेला. त्याच्या अलीकडं समोरून ट्रॅक्टर आला आणि शेजारून जाताना त्यानं डबक्यातला सगळा चिखल आमच्या काचेवर उडवला.

"वायपर लावते," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा हात उजवीकडं गेला.

समोरचे दिवे गेले. काच चिखलानं भरलेली, पुढं काहीच दिसेना. त्यांनी ब्रेक दाबला, जीप घसरली आणि डाव्या बाजूला कलली. पुढचं चाक पुलाच्या कडेवरून खाली उतरलं होतं. मागं बाई ओरडली. मग सगळं शांत झालं. फक्त खाली पाण्याचा आवाज.

"सिस्टर?" मागून नसीमभाभींचा आवाज आला.

सिस्टर समोर बघत होत्या. मला म्हणाल्या, "मी वायपरच म्हणाले ना?"

"हो."

"दिवा नाय म्हणाले."

"नाही सिस्टर. वायपरच म्हणालात."

त्यांनी तो हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो झाकला. मी त्यांना खूपदा आजारी माणसांजवळ पाहिलं होतं, कुणाचा जीव जाताना पाहिलं होतं. त्या घाबरलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. पण ते क्षणभरच. मागं बाई परत कण्हली तशा त्या म्हणाल्या, "तू बटणं घे. मी सांगते, तू लाव."

मी मागच्या बाजूनं खाली उतरून बाटलीतल्या पाण्यानं काच धुतली आणि शेजारी येऊन बसले. "दिवे लावते," त्या म्हणाल्या. मी लावले. "वायपर लावते." मी लावले. "फोरव्हील टाकते." तो दांडा त्यांनी स्वतः ओढला, त्याची जागा कधी कुणी बदलली नव्हती. जीप हळूहळू मागं सरकली आणि चाक वर आलं. तिथून सिल्लोडच्या दवाखान्यापर्यंत आम्ही तशाच गेलो. तोंड त्यांचं, हात माझा. समोरून गाडी आली की "दिवे बारीक करते," गेली की "मोठे करते." मला गाडीतलं काही येत नाही, पण त्या रस्त्यावर माझा हात एकदाही चुकला नाही, कारण त्यांचा आवाज एकदाही थरथरला नाही.

बाई सुखरूप बाळंत झाली. सिस्टर बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. आत बोलावलं तरी गेल्या नाहीत.

त्यानंतर रोज सकाळी त्या उभ्या जीपमध्ये जाऊन बसायच्या. डोळे मिटून म्हणायच्या, "वायपर," आणि हात पुढं करायच्या. हात उजवीकडं जायचा. डोळे उघडून बघायच्या, परत मिटायच्या. समोरचे काका ओट्यावर उभे असायचे, पण त्या दिवसांत त्यांनी रणगाडा हा शब्द काढला नाही. मला ते बघवेना. मी म्हणाले, "सिस्टर, अजूनही चित्रं बदलता येतील. मी उद्या बसते. पट्ट्या आहेतच."

"मग नसीमनं काय करायचं?"

"नसीमभाभींचा काय संबंध?"

"ती शिकणार हाय गाडी."

"त्यांना विचारलंत?"

"विचारते की आज."

नसीमभाभींनी फोनवर आधी तोबा केली, मग त्यांच्या घरच्यांनी नको म्हटलं, मग त्या आल्या. शिकायला वेळ लागला. काकांच्या भिंतीवर अजून एक ओरखडा आहे. "सिस्टर, ये क्लच माझा पाय खातोय," असं म्हणत त्या गल्लीत जीप आचके देत फिरवायच्या आणि पोरं मागून टाळ्या वाजवायची. पण बटणांच्या बाबतीत त्या एकदाही चुकल्या नाहीत. त्यांच्या हाताला जुनी जागा माहीतच नव्हती.

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, घरच्यांचा विरोध पत्करून हे का करता. त्यांनी कप खाली ठेवला. "माझी मोठी बहीण झोळीतून निघाली होती," त्या म्हणाल्या. "तवा जीप मीटिंगला गेलेली. सिस्टर पायी आल्या सामोऱ्या. ओढ्यापाशी भेटल्या. तोपर्यंत ती संपली होती." सिस्टर आतल्या खोलीत होत्या. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही, आणि मीही मला माहीत आहे हे त्यांना कळू दिलं नाही.

नसीमभाभींना परवाना मिळाला त्या दिवशी सिस्टरनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि त्या परत कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या नाहीत. डावीकडं बसायच्या, हात मांडीवर. मी एकदा वेड्यासारखं विचारलं, वाईट वाटतं का.

"दुखतं," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी दुसऱ्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

माझं बी.ए. झालं आणि बी.एड.साठी नांदेडला नंबर लागला. निघताना सिस्टर बस स्टँडवर आल्या. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची एक लहानशी तसबीर होती, तिच्यासमोर त्यांनी मला सकाळी उभं केलं होतं. बस सुटेपर्यंत त्या खिडकीखाली होत्या. "शिकवायला गेलीस की पोरींची नखं बघत जा," एवढंच म्हणाल्या. "पांढरी दिसली तर विचार, जेवली का."

नांदेडहून मी आठवड्याला फोन करायची. सिस्टर फोनवर जास्त बोलत नसत. जीप चालू आहे, अमकी आली, तमकी गेली, अभ्यास कर. मग माझे सरावपाठ सुरू झाले आणि काही दिवस राहून गेलं. नंतर केला तर फोन बंद लागला. दोन-तीनदा बंद लागला. मला वाटलं, जुना फोन, बिघडला असेल. समोरच्या काकांचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मग एका दुपारी वर्गातून बाहेर आल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. नसीमभाभी होत्या. माझा नंबर मिळवायला त्या लासूरला बाबांना शोधत गेल्या होत्या.

"सिस्टर गेल्या, बेटा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस होत आले."

मी विचारलं, कसं झालं.

"मी मुक्कामाला तिथंच होते. सकाळी वस्तीवरनं फोन आला, बाईला आणायचंय. त्यांनीच मला उठवलं. चहा दिला. म्हणाल्या, तू हो पुढं, मला आज जरा काम हाय. मी म्हटलं, चला ना, तुमच्याबिगर कधी गेले नाय. तर म्हणाल्या, जाशील. छातीत पहाटेपासून दुखत होतं म्हणे. काकांना नंतर सांगितलं, मी निघाल्यावर. काका म्हणाले, नसीमला फोन करतो, गाडी अजून फुलंब्रीपर्यंतच गेली असंल, परत बोलावतो. तर त्यांनी काकांच्या हातातनं फोन घेतला. रिक्षात घालून नेलं. दवाखान्याच्या दारापर्यंत शुद्धीत होत्या."

"आणि तुम्हांला कुणी कळवलं नाही?"

"नाय. काकांना शपथ घातलेली. मी बाईला घेतलं, ओढा ओलांडला, सिल्लोडला नेलं. पोरगी झाली, बाई चांगली हाय. तिथून मी एकटीच निघाले. रस्ताभर मनात म्हणत होते, आज मी एकटीनं केलं, सिस्टरला असं सांगीन, तसं सांगीन. गल्लीत वळले तर गेटपाशी गाडी लावायला जागा नव्हती, बेटा. वस्तीवरची एवढी माणसं कशी आणि कधी आली होती, मला माहीत नाय. अंगणात सगळ्या चपलाच चपला होत्या."